वाचकांचे प्रश्न : परदेशी निधी थांबल्यावर आरोग्य हक्काच्या कामाने काय धरावे, काय सोडावे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे. 20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेने परदेशी विकास मदत नव्वद दिवसांसाठी रोखली, मार्चमध्ये यूएसएड या तिच्या मदतसंस्थेचे पाचांपैकी चारांहून अधिक कार्यक्रम रद्द झाले आणि 1 जुलैला तिचे काम संपवण्यात आले. ब्रिटनने आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यावरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले. एड्स, क्षयरोग आणि हिवताप यांसाठीच्या ग्लोबल फंडाने 18 अब्ज डॉलरची अपेक्षा ठेवली होती, पण नोव्हेंबर 2025 मध्ये जोहान्सबर्ग येथे त्याला 11 अब्जांच्या थोडीशी वर आश्वासने मिळाली. हे निर्णय झाले दूरदेशी, पण त्यांची झळ वणी, धारणी, कुरखेडा अशा तालुक्यांच्या गावी भाड्याच्या एका खोलीत चालणाऱ्या कार्यालयांपर्यंत आली आहे. त्यांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. लेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार ताई. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव आणि झरी जामणी या तालुक्यांत आठ लहान संस्था आणि काही बचत गट मिळून आम्ही अकरा वर्षे आरोग्य हक्काचा मंच चालवतो. मंचाचा साठ टक्के खर्च एका मोठ्या शहरातील संस्थेला मिळणाऱ्या परदेशी अनुदानातून भागत होता. 2020 मध्ये परकीय योगदानाचा कायदा बदलल्यापासून ती संस्था आम्हाला पैसे वर्ग करू शकत नव्हती, म्हणून आमचे चौदा कार्यकर्ते तिच्याच पगारपत्रकावर होते. त्यांपैकी नऊ जणांचे पगार गेल्या वर्षी बंद झाले आणि उरलेल्या पाच जणांचे मार्चअखेर बंद होतील. आमची पाच वर्षांची रणनीती 2022 मध्ये तयार झाली असून तिच्यात 86 गावे आणि सहा विषय आहेत. एक कंपनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून आरोग्य शिबिरांसाठी पैसे द्यायला तयार आहे, पण जनसुनवाईसारखे (लोकांनी अधिकाऱ्यांसमोर जाहीरपणे तक्रारी मांडण्याचे) कार्यक्रम थांबवावेत असे त्यांनी तोंडी सुचवले आहे. त्यावरून मंचात दोन तट पडले आहेत. रणनीती कशी बदलावी?
— समन्वयक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सर्वांत आधी त्या नऊ जणांविषयी लिहिते, कारण रणनीतीच्या कागदावर त्यांची नावे कुठेच नसतात. काही वर्षांपूर्वी मी काम करत असलेल्या संस्थेचा निधी असाच थांबला, तेव्हा आम्ही कार्यकर्त्यांना तीन महिने ‘काहीतरी मार्ग निघेल’ एवढेच सांगत राहिलो. मार्ग निघाला नाही. त्या तीन महिन्यांत कापूस वेचणीचा हंगाम निघून गेला आणि त्यांच्यापैकी दोघींना घरखर्चापुरती जी मजुरी मिळाली असती तीही आमच्या आशेवर बुडाली. त्यांच्यासमोर जाऊन बसणे मला पुढे फार जड गेले. म्हणून माझी विनंती आहे की उरलेल्या पाच जणांना मार्चनंतर किती आणि कशातून देता येईल, किंवा देता येणार नाही, हे आजच आकड्यानिशी सांगा. गेलेल्या नऊ जणांचे थकलेले प्रवासभत्ते चुकते करा, त्यांना केलेल्या कामाचा सविस्तर दाखला द्या आणि मंचाच्या बैठकीला त्यांना पूर्वीच्याच मानाने बोलवा. कोणत्या पोडावर (आदिवासी वस्तीवर) कोणत्या घरी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे लेकरू आहे, कोणत्या उपकेंद्राचे कुलूप किती वाजता उघडते, हे त्यांना ठाऊक आहे आणि ते पगाराबरोबर संपलेले नाही.

आता रणनीतीकडे वळते. पत्रासोबत पाठवलेला 2022 चा आराखडा मी दोनदा वाचला. त्यातले माता आरोग्य, कुपोषण, सिकलसेल आणि क्षयरोग हे विषय तुमच्या गावांच्या बैठकांतून वर आले आहेत, हे त्यातल्या उदाहरणांवरूनच कळते. किशोरवयीन मुलींचे आरोग्य आणि हवामान बदल हे दोन विषय महत्त्वाचे असले तरी त्यांच्याखाली गावाचा एकही प्रसंग नाही, त्यावरून ते अनुदानाच्या अटींतून आले असावेत असे मला वाटते. याबद्दल तुम्हाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही, कारण आपण सर्वांनीच तसे आराखडे लिहिले आहेत. मात्र आता कात्री लावताना सहाही विषय सारख्या प्रमाणात कमी करण्याकडे मन ओढ घेईल, कारण त्यात कोणाचे मन मोडत नाही, आणि तेच टाळावे असे मी आग्रहाने सांगते. सहा कामे तिसऱ्या हिश्शाच्या माणसांनी केली तर एकही तडीस जात नाही.

त्याऐवजी प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिहा : हे आपण केले नाही तर दुसरे कोण करील? गरोदर बाईची नोंदणी आशा करते. पोस्टर लावणे आणि प्रभातफेरी काढणे आरोग्य खाते करते. शिबिरे तर वैद्यकीय महाविद्यालये, बँका, कंपन्या, निवडणुकीला उभे राहणारे असे सगळेच भरवतात. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषधसाठा दर महिन्याला जाऊन पाहणे, पुढे पाठवलेला रुग्ण जिल्ह्याच्या रुग्णालयात खरोखर पोहोचला की पांढरकवड्याच्या बसस्थानकावरूनच घरी परतला याचा माग घेणे, 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झालेले असतानाही कोणी पैसे मागितले तर तक्रार लिहून देणे आणि पोचपावती हातात धरून सहा महिने तिच्या मागे लागणे, ही कामे कोणालाच नेमून दिलेली नाहीत. तुमच्या मंचाने ती धरून ठेवावीत आणि बाकीची दुसऱ्यांकडे जाऊ द्यावीत.

या कामाला किती पैसा लागतो, हे एका प्रसंगावरून सांगते. राज्यात 2007 मध्ये लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवण्याची पद्धत, सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता, आणि त्या काळात तिथल्या एका जनसुनवाईला मी हजर होते. मेळघाटातून आलेली एक कोरकू बाई टेबलासमोर उभी राहिली. तिला चार लोकांत बोलण्याची सवय नव्हती. तिने कमरेचा बटवा सोडला आणि बाहेरून औषध आणण्यासाठी लिहून दिलेल्या अकरा चिठ्ठ्या एकीशेजारी एक मांडल्या. प्रत्येक चिठ्ठीला मेडिकलचे बिल टाचणीने जोडलेले होते आणि घामाने काही टाचण्यांना गंज चढून कागदावर तांबूस डाग उतरले होते. आमच्या कार्यकर्तीने तिला वर्षभर एवढेच सांगितले होते की चिठ्ठी फेकायची नाही. समोरच्या अधिकाऱ्यांनी तारखा पाहिल्या आणि त्या केंद्राची साठा नोंदवही मागवली. अकरापैकी सात तारखांना तीच औषधे नोंदवहीत शिल्लक दिसत होती. त्यानंतरच्या चर्चेला भाषणांची गरज पडली नाही. त्या सगळ्याचा खर्च म्हणजे एका कार्यकर्तीचे मानधन, एसटीचे भाडे आणि टाचण्यांची एक डबी. एवढा खर्च तालुक्याच्या ताकदीबाहेरचा नाही, आणि तुमच्या नव्या आराखड्याचा हिशेब मी येथून सुरू केला असता.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते, खासगी दात्यांचे बहुधा जानेवारीत, आणि आपले मंच इतकी वर्षे त्यांच्या तिमाही अहवालांच्या तारखांवर चालत आले. जिल्ह्यातल्या सरकारी पैशाचे वेळापत्रक वेगळे आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. उपकेंद्राला पाण्याची जोडणी, पोडापर्यंतचा रस्ता, अंगणवाडीचे शौचालय या गोष्टी त्यात ठरावासह नोंदवल्या गेल्या नाहीत तर वर्षभर कोणाला विचारण्याची सोय राहत नाही. तुमच्या तालुक्यांतल्या पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळण्याचा निर्णय 2015 चा आहे, आणि तो कशावर खर्चावा हे ठरवण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे. गावच्या आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतचा अबंधित निधी असतो. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठका भरतात की केवळ कागदावर होतात हे पाहणारा माणूस मात्र क्वचित असतो.

हिवाळा हा त्यापुढचा टप्पा. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते, बहुधा डिसेंबरात, आणि तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या) प्रश्नाची सूचना त्याच्या बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर यशवंत स्टेडियमवर धरणे धरणारे शेकडो असतात, पण दिवाळीपूर्वी आमदारांच्या घरी साठा नोंदवहीच्या छायाप्रती घेऊन जाणारे मला फारच थोडे दिसले आहेत. त्याच सुमारास जिल्हा नियोजन समितीचा पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा आकार घेऊ लागतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा, ज्याचा खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के उचलते आणि जो अलीकडे दोन वर्षांचा मिळून केला जातो, तोही जिल्ह्याच्या मागणीवरच उभा राहतो. जिल्ह्याने मागितलेच नसेल तर मुंबईत आणि दिल्लीत ते कोणी आठवणीने घालणार नाही. वणी भागातल्या कोळशामुळे तुमच्या जिल्ह्याला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसाही आहे. 2015 च्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार त्याचा किमान 60 टक्के भाग आरोग्य, पिण्याचे पाणी, शिक्षण अशा प्राधान्याच्या विषयांवर जायचा होता. यांतला एकही रुपया मंचाच्या खात्यात येणार नाही आणि यावाही असे मी म्हणत नाही. पण शंभर शिबिरांनी होणार नाही एवढे काम, योग्य महिन्यात योग्य टेबलावर ठेवलेल्या एका मागणीने होते. भिंतीवर नवे कॅलेंडर लावा आणि त्यावर या तारखा लाल शाईने लिहा.

गावांची संख्या कमी करावी लागेल. 86 गावांतून कोणती निवडायची हे रस्त्याच्या सोयीने ठरवू नका, कारण मग दूरची पोडे सर्वांत आधी गळतील. माझा सल्ला असा की गावे मोजण्याऐवजी आरोग्य केंद्रे मोजा. दोन किंवा तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे निवडा आणि त्यांच्या हद्दीतले प्रत्येक उपकेंद्र आणि प्रत्येक पोड पूर्ण धरा, म्हणजे तुमच्या नोंदींना वजन राहील आणि ‘ही एखाद्या गावाची तक्रार आहे’ असे कोणाला म्हणता येणार नाही. जी गावे सुटतील तिथे स्वतः जाऊन ग्रामसभेत किंवा समाजमंदिरात बसून सांगा की आम्ही थांबत आहोत, का थांबत आहोत, आणि पुढे अडचण आली तर कोणाकडे कसा अर्ज करायचा. न सांगता येणे बंद केलेला कार्यकर्ता लोक दहा वर्षे विसरत नाहीत.

आणि कंपनीविषयी. कंपनीचा पैसा वाईट असे मी मानत नाही. 2013 च्या कंपनी कायद्यातच ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी नफ्याचा दोन टक्के भाग समाजासाठी खर्चावा आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे सांगितले आहे. पण सिकलसेलचेच उदाहरण घ्या. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे आहे, म्हणजे तपासणीसाठी सरकार स्वतःच गावात येणार आहे. खरी अडचण तपासणीनंतर सुरू होते. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची कॅप्सूल रोज घ्यावी लागते, मधूनमधून रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते, आणि केंद्रात कॅप्सूल संपली की आईला रोजी पाडून तालुक्याला जावे लागते. शिबिरात कार्ड हातात देऊन निघून गेलेल्या पाहुण्यांनी त्या आईचे ओझे हलके केलेले नसते, त्यांनी तिला फक्त आजाराचे नाव सांगितलेले असते. म्हणून कंपनीला लेखी कळवा की पैसा घ्यायचा तर तो रुग्णांच्या वर्षभराच्या प्रवासासाठी आणि पाठपुराव्यासाठी घेऊ, त्याचे खाते आणि हिशेब वेगळे ठेवू, आणि जनसुनवाई हा मंचाचा स्वतःचा, स्वतःच्या वर्गणीतला कार्यक्रम राहील. ते मान्य नसेल तर नकार द्या. ज्या दिवशी खाणीच्या धुळीने खोकणारी माणसे तुमच्याकडे येतील, त्या दिवशी तुमचे तोंड मोकळे असले पाहिजे. मंचातल्या दुसऱ्या तटाला राग येईल हे मला कळते, कारण त्यांच्यासमोर पाच जणांचे पगार आहेत. म्हणूनच वर सुरुवात मी पगारांपासून केली.

प्रश्न : भारताच्या एकूण आरोग्य खर्चात परदेशी मदतीचा वाटा अगदी नगण्य आहे असे मी वाचले आहे. मग ती बंद झाल्याची एवढी हळहळ कशाला? आपले सरकार समर्थ आहे.
— शिक्षक, वाशीम जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुमचा आकडा बरोबर आहे. देशात आरोग्यावर होणाऱ्या शंभर रुपयांत बाहेरून येणारी मदत जेमतेम रुपयाच्या आसपास असते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये एकूण खर्चाच्या 64.2 टक्के भार लोक स्वतःच्या खिशातून उचलत होते, 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला, आणि हे परदेशी मदतीने झालेले नाही. मात्र त्याच वर्षी सरकारी खर्च सकल उत्पादनाच्या 1.84 टक्के होता आणि 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत 2.5 टक्क्यांचे वचन दिले होते, तेव्हा विचारणाऱ्यांची गरज संपलेली नाही.

आणि तो एक रुपया कशावर खर्च होत होता, हे पाहिले पाहिजे. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून मिळणारे महिन्याचे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले, ते सरकारच्या पैशाने. पण खाते आधारला जोडलेले नाही म्हणून एखाद्या पोडावरच्या रुग्णाचे चार महिन्यांचे पैसे अडकले, तेव्हा त्याला सोबत घेऊन बँकेत जाणारी मुलगी बऱ्याच ठिकाणी अनुदानावर काम करत होती. गोळी सरकारची आणि गोळीचा माग घेणारी माणसे दात्याची, अशी विभागणी आपण वर्षानुवर्षे चालू दिली आणि आता त्यातला दुसरा भाग निखळला आहे. परदेशी पैसा कधीतरी जाणारच होता. 2003 मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झालेला एचआयव्ही प्रतिबंधाचा अवाहन प्रकल्प पुढे सरकारकडे सोपवला गेला, तेव्हा त्या हस्तांतरणाला काही वर्षे दिली गेली आणि त्यामुळे पुष्कळ काम टिकले. या वेळी कोणाला तयारीचे आठवडेही मिळाले नाहीत, म्हणून हळहळ आहे.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, आहे. मंचाचे काम गावाच्या वर्गणीवर चालावे असे काही कार्यकर्ते म्हणतात. आमच्याकडच्या माणसांना ते झेपेल का? आणि मंचाला मदत केल्यामुळे माझ्या कामावर गदा येईल का?
— एक वाचक

उत्तर : ताई, विदर्भाला ही कल्पना नवी नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विम्याची योजना चालवली होती. सुगीनंतर प्रत्येक घर ऐपतीप्रमाणे ज्वारी देत असे आणि त्या बदल्यात गावाला रुग्णालयाची सेवा मिळत असे. तुमच्या जिल्ह्यात मेंढा (लेखा) या गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 पासून आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकला. तेंदूपाने आणि बांबू यांचा व्यवहार स्वतः करणाऱ्या ग्रामसभा आज तुमच्या भागात आहेत, आणि ग्रामकोषातून वर्षाला थोडी रक्कम आरोग्याच्या पाठपुराव्यासाठी ठेवण्याचा ठराव करणे त्यांना अशक्य नाही.

तरीही सगळे काम वर्गणीवर टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या माणसाने कर भरला, खिशातून औषध आणले आणि रोजी बुडवली, त्यालाच सरकारी दवाखान्यावर लक्ष ठेवण्याचा पगारही द्यायला सांगणे अन्यायाचे होईल. गावाच्या वर्गणीतून नोंदवही, छायाप्रती, बैठकीचा चहा आणि जिल्ह्याला जाण्याचे भाडे निघावे. मानधनासाठी तालुक्यातले शिक्षक, खासगी डॉक्टर, कृषी केंद्रवाले, नागपूर-पुण्याला नोकरीस गेलेली गावची मुले यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन जावे आणि जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. शंभर माणसांनी महिन्याला दोनशे रुपये दिले तर दोन कार्यकर्तींना मानधन देता येते. गोळा करणे कष्टाचे आहे, पण हा पैसा कोणाच्या आदेशाने एका दिवसात थांबत नाही.

तुमच्या स्वतःच्या काळजीचे उत्तर मंचाने द्यायचे आहे. तुम्ही त्याच यंत्रणेत मानधनावर काम करता, तेव्हा तक्रारीवर तुमची सही असू नये, साठ्याची माहिती तुमच्या तोंडून बाहेर आली असे कुठे लिहिले जाऊ नये, आणि ती माहिती मंचाने माहिती अधिकाराच्या अर्जाने किंवा नोंदवही प्रत्यक्ष पाहून मिळवावी. मंचाला आशा आणि गटप्रवर्तक हव्याच असतील तर त्यांच्या थकलेल्या मानधनाचा प्रश्नही मंचाने जनसुनवाईत मांडला पाहिजे.

प्रश्न : आमचा प्रकल्प बंद झाला. माझ्याकडे सिकलसेल, क्षयरोग आणि काही एचआयव्ही रुग्णांच्या घरोघरच्या नोंदी आहेत. लॅपटॉप परत मागितला आहे आणि एका नव्या संस्थेला याद्या हव्या आहेत. काय करू?
— माजी क्षेत्र कार्यकर्ता, वर्धा जिल्हा

उत्तर : याद्या देऊ नका. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती कोणाला कळवण्यास मनाई आहे, आणि बाकीच्या रुग्णांनीही ती माहिती तुमच्यावर विश्वास ठेवून दिली होती, पुढच्या संस्थेवर नाही. नव्या संस्थेला काम करायचे असेल तर तिने आरोग्य केंद्रामार्फत किंवा घरोघरी जाऊन नव्याने विचारावे. लॅपटॉप परत करण्यापूर्वी तुमच्या संस्थेच्या जबाबदार व्यक्तीसमोर नावानिशी असलेल्या फायली कायमच्या पुसा, तशी लेखी नोंद दोघांच्या सहीने ठेवा, आणि गावांची नावेनिशाणी नसलेले एकूण आकडे तेवढे जपून ठेवा.

कागदावरच्या नोंदींचे मात्र एक काम पुसण्यापूर्वी करा. प्रत्येक सिकलसेलच्या लेकराचे पान उतरवून काढा, त्यावर शेवटच्या रक्ततपासणीची तारीख, हिमोग्लोबिनचा आकडा, कॅप्सूलची मात्रा आणि दुखणे उठले तर कोणत्या रुग्णालयात न्यायचे ते मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ते पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्याच्या आईच्या हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मोठ्या बहिणीला बसवून ते दोनदा वाचून घ्या.